गावानं लावलेला फ्लेक्स

ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या आणि चौकाचौकात 'भावी' लोकांचे फ्लेक्स झळकू लागले, की ती घटना माझ्यासमोर पुन्हा उभी राहते. नोकरीत खून पुष्कळ पाहिले. दारूतून झालेले, बांधावरून झालेले, संशयातून झालेले. त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा एक वेगळा राहिला, कारण यात मेलेला माणूस चांगला होता आणि मारणाराही चांगला होता. हे वाक्य वाचकांना पटणार नाही याची मला कल्पना आहे. मलाही ते पटायला बराच काळ लागला.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात, पाटोदा आणि शिरूर कासारच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. ज्यांचा जीव गेला त्यांना गाव अण्णा म्हणत असे, मीही तेच म्हणतो. सत्तरीला आलेले, जुने सरपंच, गावातल्या मोठ्या पॅनलचे प्रमुख. त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. दुसरा फौजी. सैन्यातून निवृत्त होऊन आलेला, चाळिशीचा, उंचापुरा गडी. त्याचे वडील तो लहान असतानाच वारले होते आणि अण्णांना मूलबाळ नव्हतं. त्याची शाळा अण्णांनी केली, भरतीला त्याला सोबत घेऊन तेच बीडला गेले. फौजी सुट्टीवर आला की आधी अण्णांच्या पाया पडायचा आणि मग स्वतःच्या घरी जायचा.

मी त्याला आधीपासून ओळखत होतो. दुष्काळाच्या वर्षी त्या भागात टँकर आला की हाणामारी ठरलेली, आणि हाणामारी झाली की आमची जीप ठरलेली. फौजीनं त्या गावात हंड्यांची रांग लावली आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या आईला रांगेत सगळ्यात शेवटी उभं केलं. त्यानंतर त्या गावातून टँकरची तक्रार आली नाही. पोलीस अधिकाऱ्याला असा माणूस आवडतो. निदान त्याची झोप तरी शाबूत राहते.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, अण्णाला इहिरीवर शॉक बसला. गेले." मी बीट हवालदाराला घेऊन निघालो.

विहिरीच्या कडेला लोखंडी डबा होता, त्यात मोटारीचा स्टार्टर. अण्णा डब्यासमोर पडले होते. गाव गोळा झालं होतं आणि सगळ्यांच्या पुढे फौजी उभा होता. वायरमनला बोलावून लाईट बंद करवून घेणारा तोच, लोकांना मागे सारणाराही तोच. "डब्याला कुणी हात लावायचा न्हाई," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज खणखणीत होता. संकटात डोकं ठिकाणावर ठेवणारा माणूस म्हणून मी मनात त्याचं कौतुकच केलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, घटनास्थळाचा पंचनामा झाला, शवविच्छेदनाच्या अहवालात शॉकच आला. आमच्याकडे शेतात शॉक लागून माणूस जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. माती झाली तेव्हा तिरडीचा पुढचा दांडा फौजीच्या खांद्यावर होता.

सावडणं झाल्यावर मी अण्णांच्या पत्नीचा जबाब घ्यायला गेलो. त्यांना सगळे काकू म्हणतात. अशा जबाबात फारसं काही निघत नाही, घरच्या माणसाला जरा धीर द्यायचा आणि सही घेऊन यायचं. काकूंना रडून रडून बोलवत नव्हतं. पण मी "अण्णा डब्याजवळ कशाला गेले होते?" असं विचारल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"त्येच तर मी समद्यास्नी इचारतेय, साहेब. त्येंनी डब्याला हात लावायचं कामच न्हवतं. फौजीनं ऑटो बसवून दिलता. मालक म्हणायचे, आता आपण च्या पीत बसायचं अन् मोटारीचा आवाज ऐकायचा."

शेताशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो. विहिरीवरच्या मोटारीला लागते ती थ्री फेज लाईट ठरावीक वेळीच येते, आणि आठवडा बदलला की वेळही बदलते. दर वेळी कोण धावत जाणार? म्हणून शेतकरी ऑटो नावाची एक छोटी जोडणी बसवतात. लाईट आली की मोटार आपली आपण चालू होते.

"मग त्या दिवशी का गेले?"

"शेजाऱ्यांच्या मोटारी चालू झाल्या, आमचीच न्हाई झाली. कावून झाली न्हाई, बघून येतो म्हणले."

मी दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष आणि वायरमनसमक्ष डबा पुन्हा उघडायला लावला. पहिल्या पंचनाम्यात, शॉकच आहे म्हणून, आतल्या वायरींकडे कुणी नीट बघितलं नव्हतं. ऑटोची वायर जळाली नव्हती की उंदरानं कुरतडली नव्हती. ती नीट सोडवून बाजूला ठेवली होती. आणि आतून एक वायर डब्याच्या पत्र्याला टेकेल अशी वळवलेली होती. वायरमन माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, हे आपोआप होत न्हाई." त्याच दिवशी मी खुनाचा गुन्हा दाखल केला.

गावानं लगेच विरोधी पॅनलकडे बोट दाखवलं. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे ते साहजिक होतं. पण माझ्या कानात आता फौजीचं ते वाक्य घुमायला लागलं होतं. डब्याला हात लावू नका, हे तो वायरमन येण्याआधीपासून म्हणत होता, आणि विहिरीवर सगळ्यात आधी पोचलेलाही तोच होता. मी स्वतःलाच रागावलो. ज्यानं त्या माणसाला बाप मानलं, त्याच्याबद्दल असा विचार करायचा? पण आमच्या धंद्यात डोक्यात आलेला विचार नुसता लाजून टाकून देता येत नाही. तो तपासूनच टाकावा लागतो.

खबर आली ती फाट्यावरच्या हॉटेलातून. हॉटेलवाला आमच्या हवालदाराचा जुना माणूस. त्यानं सांगितलं, की अण्णांची माती व्हायच्या आधीच फौजीचा मेव्हणा पुण्याच्या गाडीची वाट बघत हॉटेलात बसला होता. गाव सुतकात, हा भज्यावर भजी खात होता, आणि शेजारच्याला म्हणाला, "चला, आता भाऊजीचा रस्ता मोकळा झाला."

हा मेव्हणा म्हणजे फौजीच्या बायकोचा भाऊ. स्वतः काही करत नव्हता. पांढरे कपडे घालून एका पुढाऱ्याच्या गाडीमागे फिरायचा आणि वर्षभरापासून बहिणीच्या घरी तळ ठोकून होता. प्रत्येक पुढाऱ्याभोवती असे पाचसात असतात. त्यांना स्वतःला काही व्हायचं नसतं, पण कुणीतरी काहीतरी झाल्याशिवाय त्यांचं भागत नाही.

रस्ता कसला, हे हवालदारानं मला सांगितलं. सहा-सात महिन्यांपूर्वी फौजीच्या वाढदिवसाला गावच्या चौकात एक फ्लेक्स लागला होता. लष्करी वेषातला त्याचा मोठा फोटो आणि खाली 'भावी सरपंच'. विशेष म्हणजे फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे फोटो नव्हते. एरवी आमच्याकडे शुभेच्छा देणाऱ्यांची तोंडं इतकी असतात की वाढदिवस कुणाचा हेच शोधावं लागतं. याच्यावर फक्त 'समस्त गावकरी' असं लिहिलेलं होतं. त्याआधी फौजीनं सरपंचपदाचं नावही कधी काढलं नव्हतं. गंमत म्हणजे तेव्हा ते पद त्याला मिळण्याजोगंही नव्हतं, आधीच्या दोन्ही वेळी आरक्षण दुसऱ्या प्रवर्गाचं होतं. पण पुढे तहसीलला सोडत निघाली, काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढली गेली, आणि या गावाचं सरपंचपद खुलं झालं. आधी फ्लेक्स आणि मागून चिठ्ठी. गावात लोक फौजीला गमतीनं सरपंच म्हणायला लागले, आणि फौजी ते हसून घ्यायला लागला.

मी फौजीला ठाण्यात बोलावलं. माझी चौकशीची पद्धत आरडाओरड्याची नव्हती. माणसाला चहा द्यायचा, बाकावर बसू द्यायचं आणि आपण आपली कामं करत राहायचं. निर्दोष माणूस थोड्या वेळानं चिडतो, त्याला घरी कामं असतात. फौजी चिडला नाही. ताठ बसून राहिला. चहा समोर थंड झाला.

"ऑटो तुम्ही बसवला होता ना?"

"होय, साहेब."

"सोडवता कुणाकुणाला येईल?"

"गावात चारपाच जणांना येईल."

"त्या सकाळी तुम्ही सगळ्यात आधी विहिरीवर कसे?"

त्यानं चहाचा कप बाजूला सारला. "फिरायला गेलतो."

"चौकात तुमचा फ्लेक्स होता म्हणे. कुणी लावला होता?"

एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "गावानं," तो म्हणाला. त्या एका शब्दात इतका अभिमान होता की मला त्याची कीव आली.

"आता दिसत नाही. काढला कुणी?"

"अण्णांनी." हे म्हणताना आवाज एकदम कोरडा झाला. मला हेतू दिसला, पण पुरावा म्हणून हातात काहीच नव्हतं. मी त्याला घरी जाऊ दिलं आणि मागावर एक माणूस ठेवला.

का कोण जाणे, तो फ्लेक्स माझ्या डोक्यातून जाईना. गावानं लावला म्हणजे नक्की कुणी? समस्त गावकरी एकत्र येऊन साधा रस्त्यावरचा खड्डा बुजवत नाहीत, फ्लेक्स कुठला छापायला? मी तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापणाऱ्या चाचांच्या दुकानात गेलो. त्यांना लगेच आठवलं.

"साब, वो कैसा भूलेगा? अण्णा खुद आये थे. सब लोगां बोलते, मेरा फोटू बडा करो, मेरा फोटू आगे लो. ये पयला आदमी देखा मैं, बोला माझा फोटो नको, नाव बी नको. नीचे लिखो, समस्त गावकरी. अन् किसी को बोलने का नहीं, ऐसा बी बोले."

दुकानाच्या पायरीवरूनच मी हवालदाराला हाक मारली. मग जीप सरळ काकूंच्या घरी घ्यायला सांगितली.

आमच्याकडे उतरवलेला फ्लेक्स वाया जात नाही. कडब्याच्या गंजीवर जातो, नाहीतर गोठ्यावर. किती नेत्यांची हसरी तोंडं जनावरांच्या डोक्यावर पावसाळा काढतात. पण काकूंनी आतल्या खोलीतून आणला तो फ्लेक्स जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता. आचारसंहिता लागली, ग्रामसेवकानं सगळे फ्लेक्स काढायला सांगितले, तेव्हा दुसऱ्या कुणी ओढून फाडू नये म्हणून अण्णांनी सगळ्यांच्या आधी स्वतः शिडीवर चढून तो उतरवला होता.

"मालक म्हणले, निवडून आला की ह्यो 'भावी' शब्दावर पांढरा कागद चिटकवू अन् पुन्हा त्याच जागी लावू," काकू म्हणाल्या. "नवा करायला नको म्हणले."

"फौजीला हे सांगितलं नाही कधी?"

"न्हाई. गावानंच लावला असं वाटू द्या म्हणले त्याला. म्हणजे हुरूप येईल." मी फ्लेक्स काखेत घेतला तशा त्या उठल्या. "साहेब, ह्ये घिऊन कुठं निघालाव? फौजीला दावू नका. निवडणूक होईस्तोवर त्याला कळू द्यायचं न्हाई, असं मालक सांगून गेल्यात."

त्या बाईच्या मनात फौजीबद्दल संशयाचा कणही नव्हता. मी "बरं" म्हणालो आणि बाहेर पडलो. 

फौजीला पुन्हा बोलावलं. या वेळी मी त्याला वायरीबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की अण्णांनी फ्लेक्स काढला याचा इतका राग का आला?

तो बोलायला लागला. मेव्हणा रोज कानाशी लागायचा. भाऊजी, गावानं तुमचं नाव काढलं ते म्हाताऱ्याला झोंबलंय. भाऊजी, बघा, फ्लेक्स उतरवला. भाऊजी, पुतण्याला उभा करणार हाय. अण्णांचा पुतण्या पुण्याला असायचा, आणि नेमका त्याच आठवड्यात त्याची गाडी अण्णांच्या दारात उभी दिसली. तो आला होता काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं बोलायला. हे फौजीला नंतर कळलं.

"अण्णांना सरळ विचारायचं ना," मी म्हणालो. "मागितलं असतं तर दिलं नसतं त्यांनी?"

"दिलं असतं, साहेब."

"मग?"

"मग ते बी त्यांनीच दिलेलं झालं असतं." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "शाळा त्यांनी केली. भरती त्यांनी केली. लग्न त्यांनी जमवलं. मी सीमेवर उभा राहिलो तरी गाव म्हणायचं, अण्णाचा पोरगा. एकच गोष्ट माझी म्हणून मिळाली व्हती. गावानं माझं नाव घेतलं व्हतं, अण्णांचं न्हाई. अन् तीच त्यांनी खाली उतरवली."

मी लुगड्याची गाठ सोडली आणि फ्लेक्स टेबलावर पसरला. चाचा काय म्हणाले ते सांगितलं. काकू काय म्हणाल्या ते सांगितलं, पांढऱ्या कागदाचंही सांगितलं.

 'समस्त गावकरी' या शब्दांवरून त्यानं एकदा बोट फिरवलं.

"म्हणजे ह्येबी त्यांनीच," तो म्हणाला. "गावानं न्हवताच लावला."

मग त्यानं सगळं सांगितलं. आदल्या दुपारी लाईट नसताना विहिरीवर जाऊन त्यानं ते केलं होतं. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी उठून तो वायर पुन्हा जागेवर लावायला निघाला होता. लाईट यायला अजून वेळ होता. तो अर्ध्या वाटेत असताना शिवारातल्या मोटारी चालू झाल्याचा आवाज आला आणि तो पळत सुटला. पोचला तेव्हा उशीर झाला होता. खरं की खोटं, असं वाचक विचारतील. मीही विचारलं होतं. वायरमनकडे चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या दिवशी लाईट खरोखरच ठरल्या वेळेच्या बरीच आधी सोडली होती. त्याचं मन बदललं होतं की नाही, याचा मात्र पुरावा नसतो. मला स्वतःला ते खरं वाटतं. ज्यानं एक माणूस मारला होता, तोच दुसऱ्या कुणाचा हात त्या डब्याला लागू नये म्हणून गावाला मागे ढकलत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. आरोपीनं स्वतः काढून दिलेली वस्तू चालते. म्हणून निवेदन पंचनामा केला आणि त्यानं पंचांसमक्ष आपल्या गोठ्याच्या आढ्यातून पक्कड काढून दिली. सोडवलेल्या वायरीवरच्या खुणा तिच्या दात्यांशी जुळल्या. मेव्हण्याला पुण्याहून उचलला. त्याच्यावर चिथावणीचा आरोप ठेवला, पण 'मी फक्त बोललो' हे त्याचं म्हणणं कोर्टात टिकलं. त्यानं वायरीचं नावही कधी काढलं नव्हतं, हे फौजीनंच सांगितलं. मी फौजीला म्हणालो होतो, "अरे, त्यानं तुझं वाटोळं केलं, आणि तू त्याला सोडवतोस?" तो म्हणाला, "साहेब, बोलला तो, पण खरं मानलं मी. त्याच्या आधी माझ्या बी मनात तेच व्हतं." मेव्हणा सुटला. आता दुसऱ्या एका पुढाऱ्याच्या गाडीमागे असतो, असं ऐकतो.

दोषारोपपत्रात हेतू लिहावा लागतो. मी 'राजकीय वैमनस्य' असं लिहिलं, कारण कायद्याच्या भाषेत तेवढंच बसत होतं. लिहिताना वाटत होतं की हे धादांत खोटं आहे. वैमनस्य कुठे होतं? निवृत्त झाल्यापासून मी यावर पुष्कळ विचार केला. ती चिठ्ठी दुसरी निघाली असती तर? त्या सकाळी लाईट वेळेवर आली असती तर? मेव्हणा त्या वर्षी दुसऱ्या बहिणीकडे राहायला गेला असता तर? नशिबाचा भाग होता, परक्याच्या बोलण्याचाही होता. पण खुनाची जागा त्याच्या मनात आधीपासून तयार होती. आपल्यावर ज्यांचे उपकार असतात त्यांचं प्रेम सोसणं सोपं नसतं, आणि हे कर्तबगार माणसाला जास्त जड जातं. अण्णांनी आपलं नाव झाकून तेवढंही ओझं त्याच्यावरून काढायचा प्रयत्न केला होता. ते नाव उघड असतं तर कदाचित अण्णा आज जिवंत असते. 

खटला बीडच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. काकूंची साक्ष होती त्या दिवशी मी कोर्टात हजर होतो. सरकारी वकिलांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे हात करून नेहमीचा प्रश्न विचारला, "समोर उभा असलेल्या इसमाला तुम्ही ओळखता का?"

फौजी तोवर ताठ उभा होता. अटकेच्या दिवसापासून त्याची मान मी खाली गेलेली पाहिली नव्हती.

काकूंनी पदर सावरला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "वळखते की," त्या म्हणाल्या. "मालक म्हणायचे, माझ्या माघारी गाव सांभाळायला ह्योच हाय."

फौजी पिंजऱ्यातच मटकन खाली बसला. वकील पुढचा प्रश्न विचारायचे थांबले. त्याला उठवायला हवालदार पुढे झाला, तेव्हा न्यायाधीशांनी हातानंच, राहू द्या, अशी खूण केली.